वर पाठवणारे सर

आमच्या कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबबाहेर चपलांचा ढीग नसायचा. परभणीत मी जेवढ्या लॅब पाहिल्या, त्या सगळ्यांच्या दारात चपला काढाव्या लागतात, आत धूळ जाऊ नये म्हणून. पहिल्या दिवशी मीही दाराशी वाकून चप्पल काढायला लागले, तर आतून आवाज आला, "काहून काढायलात? आत देव हाय का?"

मी तशीच उभी राहिले. बोरीहून पहिल्यांदाच कॉलेजात आले होते. आमच्या घरात माझ्याआधी दहावीच्या पुढे कुणी गेलेलं नाही, आणि समोर एवढ्या मशिनी एका ओळीत. खरं सांगायचं तर मला आत थोडासा देव आहे असंच वाटत होतं.

"न्हाई सर," मी म्हणाले.

"मग घाला चपला. ते मशिन हाय. त्याला भ्यायचं न्हाई. बिघडलं तर उघडायचं."

लॅबचे शिपाई किशनमामा मागून पुटपुटले, "झाडायचं मला पडतंय. ह्यांना काय, ह्यांना बोलायचंय." ते दोघं रोज भांडत. शनिवारी मात्र सर स्वतः झाडू घेत आणि मामा दारात बसून कुठे कचरा राहिला ते बोटाने दाखवत.

सर मूळचे मानवतजवळच्या एका खेड्यातले. अंगात कायम फिकट निळा शर्ट, खिशाला दोन पेनं. त्यांना कागदावर लिहिताना मी कधी पाहिलं नाही. पेनं विद्यार्थ्यांना द्यायला असत आणि परत मिळत नाहीत म्हणून ते वर्गात बोंबलत. खुर्चीवर बसत नसत. डबासुद्धा उभ्याने, एका हातात भाकरीची घडी आणि दुसरा हात माऊसवर. प्राचार्य आले तर "काय म्हणता" एवढंच विचारत, पण पहिल्या वर्षाच्या पोरापोरींना अहो-जाहो करत. मला आयुष्यात पहिल्यांदा अहो म्हणणारा माणूस तोच. घरी भावाला हे सांगितलं तर तो म्हणाला, "तुज्यामागं दुसरं कुनी उभं आसंल."

सगळं कॉलेज त्यांना मागे 'वरचे सर' म्हणे. त्यांचं पद तसं सगळ्यात खालचं होतं, कंत्राटी, दर जूनमध्ये नवी ऑर्डर निघेल तेव्हा खरं. नाव पडलं ते त्यांच्या बोलण्यावरून. काहीही झालं की ते म्हणत, "वर पाठवा."

याचा अर्थ समजायला मला बरेच दिवस लागले. लॅबमधल्या जुन्या मशिनींवर सरांनी मोकळं सॉफ्टवेअर घातलं होतं, म्हणजे ज्याचा कोड कुणालाही उघडून वाचता येतो, बदलता येतो, वाटता येतो. कुणी त्याला फुकटचं म्हटलं की सर चिडत. "फुकट कसं? कुनीतरी बसून लिहिलंय ते. तुमच्या वाट्याचं काम तुमी अजून केलं न्हाई, म्हनून तुमाला फुकट वाटायलंय."

आम्ही प्रोजेक्ट लिहायचो ते सॉफ्टवेअर मुळात शाळांसाठी केलेलं होतं. दूरदूरच्या चार-पाच लोकांनी ते एका मोठ्या सॉफ्टवेअरवरून बेतलं होतं, आणि ते मोठं त्याहूनही मोठ्या एकाच्या आधाराने उभं होतं. सर फळ्यावर तीन घरं काढत. धाकट्याचं, मधल्याचं, थोरल्याचं.

"दोष दिसला धाकट्याच्या घरात," ते खडू आपटत म्हणत. "पन जन्मला कुठं? ते आदी शोधा. थोरल्याकडं जन्मला आसंल तर दुरुस्ती थोरल्याकडं न्यायची. वर पाठवायची. तिथं लागली की मधल्याला भेटती, धाकट्याला भेटती, आन् ज्यानं ज्यानं थोरल्याकडनं घेतलंय त्या सगळ्यांला भेटती. इथंच ठिगळ लावलं तर ते इथंच राहतं, आन् नवीन आवृत्ती आली की निघून जातं."

माझ्या वर्गात पाथरीचा मुबीन होता. कोडमध्ये आमच्यात तोच हुशार. तो म्हणाला, "सर, पानी तर वरून खाली येतंय. तुमी उलटं सांगायलाव."

"कालव्याचं मला नका सांगू," सर म्हणाले. "माजं गाव टेलला हाय, कालव्याच्या पार शेवटाला. वर ज्याच्या हातात दार, त्याच्या मर्जीनं आमाला पानी. आमचा बाप मेला तोवर चारी कोरडीच. पन ह्या कामात दाराची किल्ली आपल्यालाबी हाय. कुनी नाही म्हनलेलं न्हाई. आपनच खाली बसून राहतो, वाट बगत."

हे बोलताना त्यांचा आवाज चढला होता. पुढे जे झालं ते मुबीनमुळेच.

आमच्या लॅबची लाइट कधीही जाई. इन्व्हर्टर नव्हता. त्या सॉफ्टवेअरमध्ये फाइल साठवली जात असतानाच लाइट गेली, तर पुन्हा उघडल्यावर फाइल कोरी निघे. शेवटची ओळ जाते असं नाही, सगळीच. मेंढ्यांच्या आजारांवरचा माझा प्रोजेक्ट असाच गेला. वडिलांना आणि चुलत्यांना कळपामागे जाऊन विचारून विचारून मी तो लिहिला होता. मी तिथेच बसून रडले. मुबीनने मला पाणी आणून दिलं आणि मग तो कोड उघडून बसला.

काही दिवसांनी त्याला सापडलं. सॉफ्टवेअर जुन्या फाइलवरच नवं लिहीत होतं. आधी जुनं पुसलं जाई, मग नवं उमटे, आणि लाइट मधेच गेली की दोन्ही नाही. मुबीनने बदल केला. नवं लिखाण दर काही अक्षरांनी आधी वेगळ्या फाइलमध्ये, ते पूर्ण झालं की मगच जुनीच्या जागी. त्याने तो लॅबच्या सगळ्या मशिनींवर घातला. लाइट गेली तरी फाइली राहू लागल्या. आम्ही त्याला डोक्यावर घेतलं.

सोमवारी येऊन पाहतो तर बदल गायब. सरांनी काढून टाकला होता.

"सर, काहून?" मुबीनचा चेहरा पाहवत नव्हता.

"वर पाठवला का?"

"न्हाई सर. पन इथं तर चालायलाय ना. पोरांचं काम वाचायलंय."

"म्हनून तर काढला. तुमचं दुखायचं थांबलं की तुमी वर पाठवनार न्हाई. मी वळखतो मानसं. दुखू द्या."

"हे बरोबर न्हाई सर," मी म्हणाले. माझं अख्खं काम गेलं होतं आणि हा माणूस म्हणत होता दुखू द्या.

सर माझ्याकडे पाहत राहिले. "बरोबर न्हाई," ते म्हणाले, "तरी काढलाय." आणि डबा उघडला.

त्या आठवड्यात वर्गाने त्यांच्याशी बोलणं सोडलं. अजूनही मला वाटतं, ते चुकलेच होते. तोवर लोकांच्या फाइली गेल्या त्या गेल्याच. पण हेही खरं की रागाच्या भरात आम्ही जे केलं ते एरवी केलं नसतं. मुबीनने दोषाचा माग काढला आणि तो थेट थोरल्याच्या घरात निघाला. मी इंग्रजीत समजावून लिहायला बसले. अबोला मोडून प्रत्येक वाक्य सरांना दाखवायचे आणि विचारायचे, हे बरोबर आहे का. त्यांनी एकही शब्द दुरुस्त केला नाही.

"त्यांना दोष कळला पायजे. तुमचं इंग्रजी कसं हाय ते बगायला ते बसले न्हाईत."

थोरल्या सॉफ्टवेअरचं काम सांभाळणाऱ्यांमध्ये एक बाई होत्या, कुठल्यातरी थंड देशातल्या. त्यांचं उत्तर आलं. अतिशय सभ्य. त्यांनी विचारलं होतं की तुमची मशीन इतक्यांदा अचानक बंद का पडते, तिच्यात बिघाड आहे का, आणि सुचवलं होतं की बॅटरी घ्यावी.

मुबीनने मोठ्याने वाचून दाखवलं तसा वर्ग हसला. सर हसले नाहीत. "त्यांना खरंच माहीत न्हाई," ते म्हणाले. "त्यांच्याकडं लाइट जातच न्हाई. सांगितल्याशिवाय कळंल कसं? चला, दाखवू."

त्यानंतरची दुपार आमच्या कॉलेजात अजून सांगितली जाते. सरांनी सगळ्यांना मशिनींवर बसवलं, लिहायला लावलं आणि किशनमामांना मेन स्विचपाशी उभं केलं.

"मी म्हनलं की पाडायचा."

"मशिनी जळल्या तर?" मामा म्हणाले.

"रोज जायलीय ना लाइट? जळल्या का?"

"तवा वीज मंडळ पाडतंय. आज मी पाडनार. नाव माजं येईल."

"तुमचं नाव मी वरच पाठवनार हाय मामा. काळजी करू नका."

मामांनी स्विच पाडला. अंधार, पंखे थांबले, पुन्हा सुरू. कुणाची फाइल राहिली, कुणाची कोरी झाली, ते मी लिहून घेत होते. मग मुबीनचा बदल घालून पुन्हा तेच. मामांना पुढे पुढे मजा यायला लागली. सरांनी सांगायच्या आतच पाडत आणि म्हणत, "लाइट सांगून जाती का?" मुबीनने सगळ्याचं मोबाइलवर चित्रण केलं. प्राचार्य धावत आले तेव्हा सर म्हणाले, "काय म्हणता," आणि पुन्हा स्विचकडे हात केला.

ते चित्रण आम्ही वर पाठवलं. थंड देशातल्या बाईंचं उत्तर या वेळी लांब होतं. त्यांनी लिहिलं होतं की हे असं असतं हे त्यांना माहीत नव्हतं, आणि ही दुरुस्ती सगळ्यांसाठी घ्यायला हवी. पण मुबीनचा बदल दर काही अक्षरांनी डिस्कवर लिहितो, जुन्या मशिनी त्याने दमतील. त्याऐवजी माणूस लिहिता लिहिता क्षणभर थांबला की तेवढ्यात साठवावं.

सर भडकले. "थांबल्यावर? आन् लाइट काय थांबायची वाट बगनार हाय?" दोन दिवस कुणाशी बोलले नाहीत. मुबीनने त्यांना न विचारता बाईंच्या पद्धतीने लिहून काढलं आणि मामांना पुन्हा स्विचपाशी उभं केलं. फाइली राहिल्या. गेली तर शेवटची ओळ तेवढी. आणि मशिनी खरंच हलक्या चालत होत्या. सर कोपऱ्यात उभे राहून पाहत होते.

"बाई बरोबर हायत," ते शेवटी म्हणाले. मग मुबीनच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "तसंच करा. वर गेलं की ते आपलं राहत न्हाई. त्याची सवय करावी लागती. मला अजून झाली न्हाई."

नवा बदल पाठवायचा तेवढा राहिला होता. तेवढ्यात संस्थेचे सचिव लॅबमध्ये आले. प्राचार्यांनी त्यांना सांगितलं होतं की पोरांनी काहीतरी मोठं केलंय. मी आणि मुबीन मशिनींवर होतो, त्यांनी आमच्याकडे पाहिलंही नाही.

"सर, लय भारी काम केलंत म्हनायलेत," सचिव गोड आवाजात म्हणाले. "आपल्या सगळ्या शाळांत घालू. आमच्या वडिलांचं नाव देऊ त्या सॉफ्टवेअरला. संस्थेनं बनवलं म्हनून सांगू. कार्यक्रम घेऊ."

"घाला की सगळीकडं," सर म्हणाले. "पन आपन बनवलं न्हाई साहेब. लोकांनी बनवलंय, आपन ठिगळ लावलं."

"ठिगळ तर आपलं हाय ना?"

"त्यांच्याच कापडातनं फाडून लावलंय."

सचिव हसले. "बरं. पन बाहेर देऊ नका सध्या. संस्थेची वस्तू हाय ती. कार्यक्रम झाल्यावर बगू."

"ज्या अटीवर घेतलंय त्याच अटीवर द्यावं लागतं. दडवून वाटायचं न्हाई, त्यात लिहिलेलं हाय. आन् नसतं लिहिलं तरी मी दडवलं नसतं."

"कोन बगायला येतंय सर, परभनीत?"

"मी हाय की इथं," सर म्हणाले.

सचिव निघाले आणि दारात थांबून म्हणाले, "तुमची ऑर्डर निघायचीय ना अजून? बगा. इचार करा."

ते गेल्यावर सर खुर्चीवर बसले. त्यांना बसलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं. घरात त्यांची आई होती, गुडघ्यांनी अधू. मुलगी नुकतीच इथल्या शाळेत घातली होती, त्यासाठी खेडं सोडून परभणीत खोली केली होती. हे सगळं आम्हाला माहीत होतं. मला वाटलं, आता ते थांबा म्हणतील. म्हणाले असते तर मी त्यांना दोष दिला नसता.

"पाठवायचंय," ते म्हणाले. "पन माज्या नावानं. तुमची नावं काढा त्याच्यातनं."

"काहून सर?" मुबीन म्हणाला.

"तुमचे प्रॅक्टिकलचे मार्क ह्यांच्या हातात हायत. माजं जायचं ते एकदाच जाईल. तुमचं पुढं सगळं पडलंय."

मुबीनने माझ्याकडे पाहिलं. त्याला घरून कुणी काही म्हणणार नव्हतं, पण माझं तसं नव्हतं. मी म्हणाले, मला उद्यापर्यंत वेळ द्या. सर म्हणाले, घ्या की.

संध्याकाळच्या एसटीने बोरीला गेले. वडील कळप बसवून आले होते. मी त्यांना जमेल तसं सांगितलं. सॉफ्टवेअर म्हणजे काय ते त्यांना माहीत नाही, आणि मलाही ते आमच्या घरच्या शब्दांत नीट सांगता आलं नाही. त्यांनी ऐकून घेतलं आणि एकच विचारलं.

"मार्क कमी पडले तर पास व्हशील का?"

"होईन."

"मग नाव ऱ्हाऊ दे. तू केलंस ना?"

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघांच्या नावांनी पाठवलं. मी हट्टाने चौथं नाव घातलं, चाचणी करणारे म्हणून किशनमामांचं. सरांनी ते वाचलं आणि तसंच राहू दिलं. मामांनी मात्र मला बजावलं, "काय झालं तर मी म्हनीन, मला वाचता येत न्हाई."

बाईंनी बदल घेतला. चार ओळींत आभार मानले आणि चौघांची नावं थोरल्याच्या घरात कायमची लागली.

जूनमध्ये सरांची ऑर्डर निघाली नाही. कारण कुणी सांगितलं नाही, सरांनी विचारलंही नाही. आम्ही मुलं प्राचार्यांकडे गेलो. मी बोलायला पुढे झाले, आणि मला आठवतं, मी दोनदा अडखळले. पण बसा म्हटल्याशिवाय खुर्चीवर बसले, जे मी तोवर कधी केलं नव्हतं. मी म्हणाले की सरांना परत घ्या. प्राचार्य म्हणाले, हे तुमच्या वयाचे विषय नाहीत. आम्ही रोज जाऊन तेच सांगत राहिलो. उपयोग झाला नाही. माझे प्रॅक्टिकलचे मार्क खरंच कमी आले. मुबीनचेही. कार्यक्रम मात्र झाला नाही. संस्थेने बनवलं म्हणून सांगायला आता काही उरलं नव्हतं, ते सगळ्यांचं झालं होतं.

जाताना सरांनी निरोपसमारंभ करू दिला नाही. "हार घेऊन आलात तर शेळीला घालीन," म्हणाले. शेवटच्या दिवशीही एका पहिल्या वर्षाच्या मुलाला, त्याला सापडलेला दोष कुणाच्या घरात जन्मला ते शोधायला लावून, तो वर पाठवूनच लॅबमधून बाहेर पडले.

आता ते पाथरीत बियाण्यांच्या एका दुकानावरच्या खोलीत क्लास घेतात. मागच्या महिन्यात मी आणि मुबीन त्यांना भेटायला गेलो. मुलगी गणितं सोडवत बसली होती, आईचे गुडघे तसेच. आमदनी कमी झालीय हे खोलीकडे बघून कळत होतं. सर उभे होते. आधी त्यांनी विचारलं, सध्या काय पाठवलंत. मी सांगितलं की धाकट्याच्या मदतीच्या पानांत चुका आहेत, त्या नीट करतेय. "धाकट्याच्याच हायत का, मधल्याकडनं आल्यात?" मी म्हणाले, बघते.

मग मी त्यांना सांगितलं की आमचा बदल फिरत फिरत खाली आला. थोरल्याकडून मधल्याला, मधल्याकडून धाकट्याला, आणि आता नव्या आवृत्तीतून आपोआप सगळ्या मशिनींवर. आमच्या लॅबमध्ये, संस्थेच्या शाळांत. मुबीन घुटमळत म्हणाला, "सचिवांच्या ऑफिसातबी आलंय सर. त्यांनी मलाच बोलवलं होतं नवीन आवृत्ती टाकायला."

मला राग आला होता त्या गोष्टीचा. ज्यांनी सरांना काढलं त्यांच्याच टेबलावर सरांचं काम. मी ते बोलून दाखवलं. मला वाटलं, सरही चिडतील, निदान दोन शब्द बोलतील.

"टाकली ना नीट?" सरांनी मुबीनला विचारलं.

"टाकली सर."

"बरं केलं," सर म्हणाले. "त्यांचीबी लाइट जाती."